संशय कृत्यावर ठेवा, जन्मावर नको

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले. आम्ही काही मोठे वक्ते नाही. वडील मुंबईच्या गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर घर भिवंडीला आले आणि तेव्हापासून आमचे आयुष्य लूमच्या खडखडाटात गेले. शाळा सुटली, पण परमपूज्य बाबासाहेबांनी वाचनाची सवय लावली ती सुटली नाही. रातपाळी संपवून वाचायचे आणि वाचलेले चारचौघांत बोलायचे, एवढेच आम्ही करत आलो. आज विषय जरा अवघड घेतला आहे. वर्धापन दिनाला असला विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण तो आपल्या दाराशी आला आहे, म्हणून घेतला.

झाले असे की, पडघ्याजवळच्या बोरिवली गावात तपास यंत्रणांचे छापे पडले आणि आपल्या विहाराच्या बैठकीत दोन सूचना आल्या. एक सूचना अशी की, यापुढे आपल्या वस्तीत मुसलमान कामगाराला खोली भाड्याने द्यायची नाही आणि विहाराचे सभागृहही कोणा मुसलमान शेजाऱ्याला लग्नकार्याला द्यायचे नाही. दुसरी सूचना याच्या अगदी उलट. हा विषय बैठकीत काढायचाच नाही, उगाच कोणाचे मन दुखावेल, आपली एकी मोडेल, तेव्हा गप्प बसावे. दोन्ही सूचना मांडणारे आपलेच लोक आहेत, दोघांचीही नियत वाईट नाही. पण आम्हाला दोन्ही सूचना पटल्या नाहीत. का पटल्या नाहीत, ते आज सांगायचे आहे.

पहिली गोष्ट, भीती खोटी नाही. ती खोटी आहे असे म्हणणारा माणूस लोकलने प्रवास करत नसावा. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत काही मिनिटांत सात स्फोट झाले, १८० हून जास्त माणसे मेली. कामावरून घरी चाललेली माणसे होती ती. त्याआधी १३ मार्च २००३ ला मुलुंडला लोकलमध्ये स्फोट झाला होता. त्या काळातल्या तीन स्फोटांच्या खटल्यात २०१६ मध्ये विशेष पोटा न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवले, आणि त्यांत आपल्याच तालुक्यातल्या पडघा-बोरिवली भागातले लोक होते. पुढे ९ डिसेंबर २०२३ ला एनआयएने महाराष्ट्र आणि कर्नाटकात छापे घालून पंधरा जणांना पकडले, आयसिसशी संबंध असल्याचा आरोप ठेवला, आणि त्या छाप्यांचा मोठा भाग पुन्हा बोरिवली गावात होता. २ जून २०२५ ला एटीएसने तिथे परत झडत्या घेतल्या. आरोप म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे नव्हे, हे पुढे बोलूच. पण आपल्या तालुक्यात हा प्रश्नच नाही, असे म्हणणे म्हणजे डोळे झाकून रस्ता ओलांडणे आहे.

आणि आपल्याला बौद्ध म्हणून याची झळ लागलेली नाही असेही नाही. ७ जुलै २०१३ ला पहाटे बुद्धगयेला महाबोधी विहाराच्या परिसरात एकामागून एक बॉम्ब फुटले. ज्या बोधिवृक्षाखाली तथागतांना ज्ञानप्राप्ती झाली त्या जागी! दोन भिक्खू जखमी झाले. २०१८ मध्ये पाटण्याच्या एनआयए न्यायालयाने इंडियन मुजाहिदीनच्या पाच जणांना दोषी ठरवून जन्मठेप दिली. तपासात कारण काय निघाले? म्यानमारमध्ये रोहिंग्या मुसलमानांवर अत्याचार झाले, त्याचा सूड.

बंधूंनो, इथे जरा थांबून विचार करा. म्यानमारमध्ये चीवर घातलेल्या काही लोकांनी द्वेषाची भाषणे केली, तिथे मुसलमानांची घरे जळाली, ही गोष्ट खरी आहे. बौद्ध म्हणून आपल्याला तिची लाज वाटली पाहिजे. पण बुद्धगयेत पहाटे वंदना करणाऱ्या भिक्खूने कोणाचे घर जाळले होते? भिवंडीतल्या आपल्या आयाबहिणींनी कोणाचे काय केले होते? ज्याने बॉम्ब ठेवला त्याचा हिशोब साधा होता: तो बौद्ध, हाही बौद्ध, म्हणून एकाच्या कृत्याची शिक्षा दुसऱ्याला. आता आपल्या बैठकीतली पहिली सूचना आठवा. बोरिवलीत पकडले गेले ते मुसलमान, खोली मागायला आला तोही मुसलमान, म्हणून त्याला खोली नाही. बॉम्ब ठेवणे आणि खोली नाकारणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आम्ही ते एका पारड्यात घालत नाही. पण हिशोबाची रीत तीच आहे. ती आपल्यावर चालवली तर अन्याय, आणि आपण दुसऱ्यावर चालवली तर सावधगिरी, असे कसे चालेल?

या रीतीने आपल्या लोकांचे काय केले ते विसरायचे नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. आईच्या पोटातून बाहेर आलेले मूलही गुन्हेगार! पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, टकारी अशा जमातींच्या माणसांनी ठाण्यात हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत होती, तिथली माणसे आपल्यासारखीच गिरण्यांत राबत होती. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण ही माणसे ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटली. आणि सुटली तरी संशय सुटला का? लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना आम्ही वेगळे सांगायला नको. आजही गावात चोरी झाली की आधी पालावर काठी पडते, आणि खरा चोर वाड्यात निवांत झोपतो.

आणखी जवळचे सांगतो. २००६ मध्ये खैरलांजीनंतर आपला समाज रस्त्यावर आला, तेव्हा त्या वेळच्या गृहमंत्र्यांनी आंदोलनामागे नक्षलवादी असल्याचे सूचित केले. आपल्या चार माणसांची हत्या झाली, आणि चौकशी कोणाची, तर रडणाऱ्यांची! २०१८ ला भीमा-कोरेगावनंतर ३ जानेवारीचा बंद झाला आणि वस्त्यावस्त्यांत धरपकड झाली. निळा झेंडा लावलेली गल्ली दिसली की शिरा आत. आमच्या ओळखीचा एक पोरगा त्या दिवशी सायझिंगमध्ये कामावर होता, हजेरीपत्रकात नोंद होती. तरी त्याला रात्री घरातून उचलले, दोन दिवस घरच्यांना पत्ता नाही. पोराची आई ठाण्याच्या पायरीवर बसून होती. त्याच साली त्या प्रकरणात यूएपीए लावून लेखक, वकील, कार्यकर्ते पकडायला सुरुवात झाली, एकूण सोळा जण. डॉ. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० ला, म्हणजे भीमजयंतीच्या दिवशी, शरण जावे लागले आणि जामीन मिळाला २०२२ च्या नोव्हेंबरात. चौऱ्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच वारले. म्हणून म्हणतो, आज ज्या काठीला आपण शाबासकी देऊ, ती उद्या आपल्या पाठीवर यायला वेळ लागत नाही.

आता कोणी म्हणेल, अहो, हे सगळे ठीक आहे, पण जीव वाचवायचा असेल तर थोडा अन्याय चालवून घ्यावा लागतो. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून न्याय-अन्याय क्षणभर बाजूला ठेवू आणि एवढेच विचारू: धर्म बघून पकडल्याने जीव वाचतात का?

आपल्या भिवंडीचाच दाखला घ्या. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून इथे दंगल पेटली, मग जळगावला आणि महाडला पोचली. चौकशीसाठी न्यायमूर्ती मदन यांचा आयोग नेमला गेला. दंगलीच्या तपासासाठी पोलिसांचे एक खास पथक इथे होते. आयोगाने त्या पथकाच्या कामावर काय शेरा मारला? की तपास धर्म बघून झाला, मुसलमानांना जास्तीत जास्त गुंतवले गेले आणि हिंदूंपैकी दोषींना मोकळे सोडले गेले. परिणाम काय? खरे दंगेखोर मोकळे, निरपराधांच्या मनात राग. चौदा वर्षांनी, १९८४ च्या मे महिन्यात, भिवंडी पुन्हा जळाली. अन्सारी बागेत माणसे जिवंत जाळली. जुन्या लोकांना तो धूर अजून आठवतो.

त्यानंतर देशात टाडा आला, १९८५ ते १९९५. शहात्तर हजारांवर माणसे पकडली आणि शिक्षा झाली ती शंभरात दोघांनाही नाही. मग बाकीच्यांना पकडण्यात जो वेळ, जी माणसे, जो पैसा गेला, तो खऱ्या गुन्हेगाराला शोधण्यात लागला असता की नाही?

आणखी ताजे बघा. मालेगाव हे आपल्यासारखेच लूमचे गाव. ८ सप्टेंबर २००६ ला तिथे कबरस्तानाजवळ शब-ए-बारातच्या दिवशी स्फोट झाले, तीस-एक माणसे गेली, बहुतेक मुसलमान. पकडले कोणाला? नऊ मुसलमानांनाच. पुढे तपास एनआयएकडे गेला, तो दुसऱ्याच दिशेला गेला, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केले. एक जण तो निकाल बघायला राहिलाच नाही. २९ सप्टेंबर २००८ ला मालेगावातच भिक्कू चौकात दुसरा स्फोट झाला, सहा जण मेले. त्यात हिंदू आरोपी होते. ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयाने सातही जणांना निर्दोष सोडले. आणि त्याच्या दहाच दिवस आधी, २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल स्फोटांतल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. खालच्या न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांतल्या पाच जणांना फाशी दिली होती. कबुलीजबाब मारहाण करून घेतलेले, ओळखपरेड भरवशाची नाही, बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता तेही सरकारी पक्षाला सांगता आले नाही, असे उच्च न्यायालयाने म्हटले. एक आरोपी २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितले नाही.

या दोन निकालांनंतर नाक्यावर काय चित्र होते? पहिल्या निकालाला एका बाजूचे लोक म्हणाले, न्याय झाला, आणि दुसऱ्या बाजूचे म्हणाले, घात झाला. दहा दिवसांनी दोघांनी वाक्यांची अदलाबदल केली! पण १८० घरांतली माणसे गेली त्यांचे काय? भिक्कू चौकातल्या सहा घरांचे काय? त्यांना कोणी सांगितले का, तुमचा मुलगा कोणी मारला? आपण कोणाच्या सुटकेवर पेढे वाटायचे आणि कोणाच्या नाही, हे धर्म बघून ठरवू लागलो, की मेलेल्या माणसाची बाजू घेणारा कोणीच उरत नाही. मारहाणीच्या कबुलीवर उभा केलेला खटला पत्त्यांच्या घरासारखा असतो. तो पडतो तेव्हा निरपराधाची वर्षे गेलेली असतात, आणि गुन्हेगार कोण होता याचा मागही थंड झालेला असतो.

आणखी एक साधा हिशोब. २०११ च्या जनगणनेत भिवंडी शहराची वस्ती सात लाखांवर होती, त्यात निम्म्याहून जास्त मुसलमान. पकडले गेले पंधरा, तेही निरनिराळ्या गावांतून. धर्म बघून नजर ठेवायची तर साडेतीन लाख माणसांवर ठेवावी लागेल. एवढे पोलीस कुठून आणणार? लूमवर ताणा तुटला तर आपण काय करतो? लूम बंद करतो, तुटलेला धागा नेमका शोधतो आणि गाठ मारतो. अख्खे बीम उतरवून फेकणारा कामगार सेठने एक दिवस तरी ठेवला असता का?

आणि चेहऱ्यावरून, पेहरावावरून ओळखू म्हणाल, तर २६ नोव्हेंबर २००८ आठवा. सीएसटी स्टेशनात बंदूक घेतलेल्या कसाबचा फोटो सगळ्यांनी पाहिला आहे. त्याच्या मनगटाला लाल धागा होता. दाढी-टोपी शोधणाऱ्याच्या समोरून तो निघून गेला असता. त्याला पकडले ते तुकाराम ओंबळे यांनी, छातीवर गोळ्या झेलून. त्यांनी त्याचा धर्म पाहिला नाही, हातातली बंदूक पाहिली. आणि मेलेल्या नऊ हल्लेखोरांना आमच्या कबरस्तानात जागा नाही, असे मुंबईच्या मुस्लिम विश्वस्तांनीच सांगितले. हेही आपल्या पोरांना सांगत जा.

आता दुसऱ्या सूचनेकडे येतो. बोलायचेच नाही, मन दुखावेल. आम्हाला हेही मान्य नाही. लष्कर-ए-तोयबाला लष्कर-ए-तोयबा म्हणायचे, आयसिसला आयसिस म्हणायचे, आणि ते धर्माचे नाव घेऊन माणसे मारतात हे स्पष्ट बोलायचे. त्यात शेजारच्या अन्सारीभाईंचा अपमान नाही. उलट आपण गप्प बसतो तेव्हा मोबाईलवर फिरणारा खोटा मजकूर बोलायला लागतो. ज्या विषयावर शहाणी माणसे बोलत नाहीत, तो विषय माथेफिरूंच्या ताब्यात जातो. तथागतांनी सम्यक वाचा सांगितली, तिचा अर्थ गोड बोलणे एवढाच नाही. खरे बोलावे, हिताचे बोलावे, वेळ पाहून बोलावे आणि द्वेषाने बोलू नये. तेव्हा कृत्याचे नाव घ्या, संघटनेचे नाव घ्या, शाबीत झालेल्या गुन्हेगाराचे नाव घ्या. ‘इस्लामी दहशतवाद’, ‘भगवा दहशतवाद’ असल्या लेबलांनी मात्र गुन्हेगाराच्या मागे कोट्यवधी माणसे उभी केली जातात. त्याला तेच तर हवे असते!

सुत्तनिपातात वसल सुत्त आहे. श्रावस्तीत अग्गिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाने भिक्षेला आलेल्या तथागतांना नीच म्हणून हटकले. तथागत रागावले नाहीत. नीच कोणाला म्हणावे हे त्यांनी त्यालाच समजावले, आणि माणूस नीच ठरतो तो कर्माने, जन्माने नव्हे, असे दाखवून दिले. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शिकवण म्हणजे पोलीस तपासाचाही पहिला नियम आहे, असे आम्ही मानतो. काय केले ते बघा. कुठे जन्मला ते बघू नका.

बाबासाहेबांनी हाच विचार कायद्यात आणला. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत त्यांनी अटकेविषयीचे कलम मांडले, तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभे करा. हे कलम दहशतवाद्याला वाचवण्यासाठी नाही. चुकीचा माणूस आत जाऊन बरोबरचा माणूस बाहेर राहू नये, यासाठी आहे.

मग करायचे काय? तेही भिवंडीनेच दाखवले आहे. १९८८ मध्ये सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. दोन्ही समाजांचे साधे लोक, लूमवाले, दुकानदार, बाया, आणि त्यांच्यासोबत त्या भागाचा पोलीस, नेहमी एकत्र बसायचे. नळाचे भांडण, गटाराचे भांडण तिथेच मिटायचे. पोलिसाला मोहल्ला कळला आणि मोहल्ल्याला पोलीस. डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली, मुंबई पेटली, त्या दोन महिन्यांत तिथे नऊशे माणसे मेली. भिवंडी पेटली नाही! दोनदा जळालेली भिवंडी शांत राहिली. पण विश्वास एकदा बांधला की कायमचा राहतो असेही नाही. ५ जुलै २००६ ला पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून इथेच दंगा झाला. गोळीबारात दोन नागरिक गेले आणि जमावाच्या हातून दोन पोलीस मारले गेले. विश्वास हा लूमसारखा आहे. रोज तेलपाणी लागते.

म्हणून समितीपुढे आमच्या चार सूचना आहेत.

एक, खोली भाड्याने देताना प्रत्येक भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. कांबळे असो, यादव असो, अन्सारी असो, कागद सगळ्यांचा सारखा. ज्याचा कागद नीट त्याला खोली. आपल्यालाही आडनाव विचारून खोल्या नाकारल्या गेल्या आहेत. ते दुःख ओळखीचे आहे.

दोन, बेवारस पिशवी, चोरीचे सिलिंडर, पोरांना हत्याराची भाषा शिकवणारा माणूस, असे काही दिसले तर घाबरू नका, लपवू नका, लगेच ११२ ला कळवा. पण काय दिसले तेवढेच सांगा. ‘आमचा संशय आहे’ म्हणून कोणाच्या दाढीची तक्रार करू नका.

तीन, विहारात पाच जणांची एक कायदा समिती करा, त्यात दोन भगिनी असाव्यात. वस्तीतला कोणीही पकडला गेला, कोणत्याही धर्माचा असो, तर समितीने ठाण्यात जावे. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले आहेत: अटकेचा कागद करायचा, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची, नातेवाइकाला कळवायचे, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करायची. मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने यूएपीएच्या अटकेतही कारणे लेखी द्यावी लागतात असे सांगितले. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. हे सगळे एका कागदावर छापून विहाराच्या भिंतीवर लावा.

चार, शांतीनगर, वंजारपट्टी, पद्मानगर, कामतघर इथल्या शेजाऱ्यांना बोलवा, महिन्यातून एकदा विहारात बसा. चहा आपला. अवघड विषय तिथेच काढा, समोरासमोर. त्यांच्यातही पोरे हातची जाऊ नयेत म्हणून झुरणाऱ्या आया आहेत. पोरगा बिघडतोय हे सगळ्यांच्या आधी आईला कळते. ती आई पोलिसाला आणि शेजाऱ्याला घाबरली, तर ती खबर कोणाकडे घेऊन जाईल?

आणि एक दिवस सांगतो. ११ जुलै. १९९७ साली याच तारखेला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या आपल्या माणसांवर गोळीबार झाला, दहा जण गेले. तेव्हा सांगितले गेले की जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न होता. गुंडेवार आयोगाने ते मान्य केले नाही. बरोबर नऊ वर्षांनी त्याच तारखेला लोकल गाड्यांत स्फोट झाले. आमचे म्हणणे आहे की दरवर्षी ११ जुलैला विहारात मेणबत्ती दोन्हींसाठी लावावी. सुरक्षेच्या नावाखाली मारल्या गेलेल्यांसाठी एक, आणि सुरक्षा नव्हती म्हणून मारल्या गेलेल्यांसाठी एक. दोन्ही रांगेत कष्टाची माणसे आहेत.

सभागृह द्यायचे की नाही याचा निर्णय समितीने घ्यायचा आहे. आमचे मत आम्ही मांडले.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम! जय संविधान!